‘मोडका’ हा शब्द माझा

मला दोन्ही भाषा येतात, ही माझी जुनी शेखी. माहेर सीमाभागातल्या शहापूरचं, सासर कंग्राळीचं आणि नोकरी केली ती मराठी शाळेत कन्नड शिकवण्याची. मराठी पोरांना कन्नड शिकवणारी मराठी बाई म्हटल्यावर दोन्हीकडचे लोक माझ्याकडे जरा संशयानंच बघायचे. मला त्याची मजा वाटायची. वह्या तपासताना अर्धवट वाक्य दिसलं की माझा हात आपोआप चालायचा. कर्ता नसला की घालायचा, विशेषण कमी वाटलं की तेही घालायचं आणि पोराला सांगायचं, हे बघ, आता कसं नीट झालं. निवृत्त झाले तरी हाताची ती खोड गेली नाही.

घरी बसून करायचं काय, म्हणून मी बायकांना कायद्याची मदत मिळवून देणाऱ्या एका लहानशा केंद्रात जाऊ लागले. उद्यमबागेतल्या कारखान्यांत, बांधकामांवर, उसाच्या फडांत बाहेरून आलेल्या पुष्कळ बायका असतात. कुणाला नवरा मारतो, कुणाच्या अंगचटीला ठेकेदार येतो. तक्रार द्यायची तर ठाण्यातले कागद सगळे कन्नडमध्ये. बाई हिंदीत नाहीतर मराठीत सांगणार, पोलीस कन्नडमध्ये लिहिणार आणि मधे बसून इकडचं तिकडे करायला कुणीतरी लागणार. ते काम माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर ठाण्यात खुर्ची मिळायची, चहा मिळायचा, फौजदारसुद्धा ‘मेडम’ म्हणायचे. शाळेत एवढा मान कधी मिळाला नव्हता.

त्या वर्षी फेब्रुवारी संपता संपता निपाणीहून माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती तिकडे वकिली करते. अजून मला बाई म्हणते आणि माझ्यापुढे बोलताना शब्द जपून वापरते. ऊसतोडीला आलेल्या एका बाईवर तिच्याच टोळीच्या मुकादमानं, म्हणजे मजूर गोळा करून आणणाऱ्या माणसानं, हात टाकला होता. बाई बीडकडची. ठाण्यातल्या महिला अधिकारी विजापूरकडच्या, त्यांना मराठी कामापुरतं. “बाई, तुमी आलासा तर बरं हुईल,” ती म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी सकाळचीच बस पकडली. कंडक्टरनं आधार कार्ड बघितलं आणि कर्नाटकातल्या बायकांना मिळतं ते फुकटाचं तिकीट फाडून हातात दिलं. तेही मला मानाचंच वाटलं, आता बोला!

ठाण्यात ती बाकावर बसली होती. तिशीची असेल. डोक्यावर घट्ट पदर, हाताच्या तळव्यांना उसाच्या पानांनी पडलेले बारीक चरे आणि मांडीला चिकटून सहाएक वर्षांची मुलगी. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. दिवाळीनंतर ती टोळीबरोबर इकडे आली होती. मला वाटलं होतं ती रडेल, पण ती रडली नाही. एकदा घसा खाकरला आणि सरळ सांगू लागली.

“माझा अर्धाच कोयता व्हता. म्हून मुकादमानं मला येकटीला कडंच्या सरीला लावलं. दुपारच्याला समदे भाकरीला झाडाखाली गेले. म्या मागं मोळी बांधीत व्हते. त्यो मागून आला.”

पुढचं तिनं थोडक्यात सांगितलं आणि मीही थोडक्यातच सांगते. त्यानं तिला धरलं, तोंड दाबलं, खाली पाडलं. ती त्याच्या हाताला कडकडून चावली आणि सगळं बळ लावून त्याला ढकललं. तो तोडलेल्या उसाच्या खोडक्यांवर पडला. खोडक्या कोयत्यानं तिरक्या कापलेल्या असतात, पायात घुसल्या तर खोल जखम होते. त्याच्या पोटरीला लागलं. ती उठून झाडाकडे पळत गेली.

मी वाक्यामागून वाक्य कन्नडमध्ये सांगत गेले आणि अधिकारी लिहीत गेल्या. पहिल्या वाक्याला मी क्षणभर थांबले होते. कोयता म्हणजे ऊस तोडायचं हत्यार, हे शेंबड्या पोरालाही माहीत. अर्धा कोयता म्हणजे मोडलेला असणार. मोडक्या कोयत्यानं ती काय तोडणार, म्हणून मुकादमानं तिला बाजूच्या सरीला लावलं. कसं व्यवस्थित बसलं! नुसतं ‘अर्ध कुडगोलु’, अर्धा कोयता, असं कन्नडमध्ये चमत्कारिक वाटलं, म्हणून मी त्यात ‘मुरिद’ घातलं. मुरिद म्हणजे मोडलेला. ‘माझ्याजवळ एक अर्धा मोडलेला कोयता होता.’ वाक्य गोळीबंद झालं. मला बरं वाटलं.

शेवटी जबाब वाचून दाखवायचा असतो. अधिकाऱ्यांनी कन्नडमध्ये वाचला, मी तिला मराठीत सांगितला. “तुझ्याकडं अर्धाच कोयता होता,” मी म्हटलं. “व्हय, अर्धाच,” ती म्हणाली. मोडका हा शब्द मराठीत परतताना मी गाळला, कारण तिच्यासमोर तिचंच वाक्य म्हणायचं होतं. तिनं सही केली. तिला सही येत होती, याचं मी कौतुकही केलं.

आठवड्याच्या आत मुकादमानं उलटी तक्रार दिली. या बाईनं कामावरून वाद घातला आणि कोयत्यानं माझ्या पायावर वार केला, असं त्याचं म्हणणं. दवाखान्यातला जखमेचा कागद जोडला होता. वकील पोरीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज उतरला होता. “बाई, त्येच्याकडं साक्षीदार न्हाईत. खरं आपल्याच जबाबात लिवलंय, तिच्याजवळ मोडका कोयता हुता म्हणून. आता त्येला साक्षीदार कशाला पायजे?” मंगळवारी मॅजिस्ट्रेटपुढे तिचा जबाब व्हायचा होता आणि बुधवारी मुकादमाच्या तक्रारीवर पोलिसांनी तिला बोलावलं होतं. घातक हत्यारानं दुखापत, असं कलम लागलं तर अटक होणार. कारखान्याचा हंगाम पंधरा दिवसांत संपणार, टोळी गावाकडे निघून जाणार. ही आत असली तर तिच्या मुलीला कोण सांभाळणार?

मी शनिवारी निपाणीला गेले. तिथून टोळीच्या तळापर्यंत वकील पोरीनं स्कूटरवरून नेलं. रस्त्याकडेच्या मोकळ्या रानात पाचट आणि ताडपत्रीच्या कोप्या. कोपी म्हणजे आत वाकून शिरावं लागतं अशी राहुटी. मुकादम त्या दिवसांत तळावर येत नव्हता, पण त्याची माणसं येत होती, आणि बाकीच्या बायका आम्हाला बघून आपापल्या चुलीकडे वळल्या. तिनं आम्हाला बसायला पोतं टाकलं.

मी तिला जरा कडकच विचारलं, “कोयता हातात होता का खाली ठेवला होता?”

“कोयता कुटं व्हता माझ्याकडं? दुपारच्याला समद्यांचे कोयते धार लावायला गाडीपाशी असत्यात.”

“मग ठाण्यात कशाला म्हणालीस, अर्धा कोयता होता म्हणून?”

“व्हताच की अर्धा.”

“आत्ता तर म्हणालीस, नव्हता.”

 मग तिनं तेच पुन्हा सांगितलं, त्याच शब्दांत, थोड्या मोठ्या आवाजात. मीही आवाज चढवला. वर्गात पोरगं उत्तर बदलू लागलं की मला चढायचा तोच राग मला त्या कोपीत चढला. मी तिला बजावलं, मंगळवारी साहेबांपुढं पहिल्यासारखंच सांग, शब्द फिरवलास तर खोटी ठरशील. ती मुलीला जवळ ओढून तिच्या केसांतली पाचटाची काडी काढत बसली. स्कूटरवर बसताना मी वकील पोरीला म्हटलं, “जबाब फिरवतेय गं ही.” पोरीनं स्कूटर चालू केली. आज ते वाक्य आठवलं की मला माझीच लाज वाटते, आणि ते मी त्या बाईच्या दारात, ती ऐकू शकेल एवढ्या अंतरावर म्हटलं होतं.

रविवारी सासरी कंग्राळीला गेले. माझ्या धाकट्या दिराचा थोडा ऊस आहे आणि तो अजून उभा होता. तोडायला टोळी येत नाही म्हणून तो महिनाभर फोनवर ओरडत होता. सोप्यात आम्ही नाश्त्याला बसलो होतो, त्याच्या बायकोनं गरम थालीपीठं केली होती. हा घासागणिक त्या टोळीला शिव्या देत होता.

“वैनी, आली शेवटाला टोळी. खरं धा कोयतं देतो म्हणालता, आनि आलं किती? साडेसात.”

मला हसू आलं. “साडेसात? अर्धा कसला, मोडका का काय?”

तो खायचा थांबला आणि माझ्याकडे बघून खदखदून हसला. “वैनी, तुमी एवड्या शिकलेल्या! मोडका कसला? कोयता म्हंजे जोडी. नवरा-बायकू मिळून एक कोयता. एकटं मानूस आसलं की त्यो अर्धा कोयता. टोळीचा हिशेबच तसा असतुया.”

“एकटं म्हणजे?”

“म्हंजे नवरा न्हाय, न्हायतर बायकू न्हाय. विधवा बाई आसली तर अर्धाच की ती. लई हाल त्यास्नी. जोडीदार न्हाय म्हटल्यावर एका बाजूला घालत्यात.”

जाऊबाई म्हणाली, थालीपीठ गार होतंय. मी ताट तसंच सरकवलं.  ‘माझा अर्धाच कोयता व्हता. म्हून मुकादमानं मला येकटीला कडंच्या सरीला लावलं.’ मला जोडीदार नव्हता, म्हणून त्यानं मला बाजूला एकटं पाडलं, असं ती म्हणत होती. हत्याराचा तिनं उच्चारही केला नव्हता. हत्यार तिच्याजवळ मी ठेवलं होतं, आणि ते मोडलंही मीच होतं.

आमच्या गावात भाषेवरून काय कमी भांडणं झाली? पाट्यांवरून झाली, शाळांवरून झाली, कचेऱ्यांवरून तर रोजच चालतात. मी आयुष्यभर समजत होते की गोंधळ होतो तो मराठी आणि कन्नड यांच्यामध्ये, आणि तिथं उभी राहायला मी आहेच. इथं गोंधळ झाला तो मराठी आणि मराठीमध्ये. ती हिंदी किंवा उडिया बोलली असती तर मी दहा वेळा विचारलं असतं. मराठी बोलली म्हणून एकदाही विचारलं नाही.

दिराला मी सगळं सांगितलं. तो हसायचा थांबला. “उद्या जावा लगोलग,” एवढंच म्हणाला.

सोमवारी वकील पोरीच्या खोलीत मी सगळं कबूल केलं. मी हात झटकून बाजूला होईन अशी तिला भीती वाटली असावी, कारण तिनं मला आधीच पाणी दिलं आणि दार लोटून घेतलं. चूक माझी आहे असं मी लिहून द्यायला तयार आहे, मी म्हटलं. ती म्हणाली, लिहून दिलंसा तर पुन्हा कुठलं ठाणं तुम्हाला बोलावणार नाही, शिवाय समोरचा वकील तुम्हाला सोलून काढील. मी म्हटलं, सोलू दे. हे काही धाडस नव्हतं. तीस वर्षं मी पोरांच्या वह्यांत लाल शाईनं चुका दाखवल्या, आता स्वतःची दाखवायला नको म्हणणं मला जमेना, एवढंच. तिनं कागद पुढे केला. मी कन्नडमध्ये लिहिलं की मूळ बोलण्यात ‘मोडका’ हा शब्द नव्हता, तो मी माझ्या मनानं घातला, आणि ‘अर्धा कोयता’ याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. खाली सही केली. वकील पोरीनं तो कागद दुपारीच ठाण्यात दिला. महिला अधिकाऱ्यांनी तो दोनदा वाचला आणि माझ्याकडे असं बघितलं की चहाची आशा मी त्याच क्षणी सोडली.

मग आम्ही तळावर गेलो. ती फडातून नुकतीच आली होती, हातपाय धूत होती. मी तिच्यासमोर पोत्यावर बसले आणि सांगितलं. माझ्या चुकीमुळं तुझ्या हातात कोयता आला, आणि शनिवारी मी तुलाच खोटं पाडलं. माफ कर. हे म्हणताना मला रडू आलं. वयानं माझ्या मुलीएवढ्या बाईसमोर मी पदर डोळ्याला लावला.

तिनं माझी समजूत वगैरे काही काढली नाही. हात पुसले आणि विचारलं, “तुमाला कळलं नव्हतं, तर इचारलं का न्हाई?”

उत्तर एकच होतं, की कळलं नाही हे मला कळलंच नव्हतं. पण ते तिला सांगून उपयोग काय. मी म्हटलं, “चुकलं.” ती म्हणाली, “शनवारी म्या किती येळा सांगितलं तुमाला. तुमी वरडत व्हता.” हेही खरंच होतं.

त्यानंतर आम्ही तिघी अंधार पडायच्या आत, चुलीसमोर, एकेक शब्द घेऊन बसलो. शाळेत मी वहीवर लाल खुणा करायचे, इथं मी निळ्या पेनानं प्रश्नचिन्हं केली. कडेची सरी म्हणजे रस्त्याकडची की आतली? आतली, जिथून झाड दिसत नाही. ‘हात टाकला’ म्हणजे कुठं? ते तिनं वकील पोरीच्या कानात सांगितलं आणि पोरीनं लिहून घेतलं. ‘धार लावायला’ कोयते कुणी नेले? शेजारच्या कोपीतल्या बाईनं. ती बाई आमच्याकडे पाठ करून भाकरी थापत होती. तिला विचारलं तर बोलेल का? ही म्हणाली, तुम्हीच विचारा. मी उठून विचारलं. बराच वेळ त्या बाईनं तव्यावरची भाकरी उलटली-पालटली. मग म्हणाली, “व्हय, हिचा कोयता माझ्यापाशीच व्हता. म्याच धार लावीत व्हते. मला कुनी इचारलं न्हाई.” तिच्या नवऱ्यानं आतून तिला हाक मारली. तिनं ओ दिली, पण बोललेलं मागं घेतलं नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते. मुकादमाची उलटी तक्रार टिकली नाही. शेजारणीनं ठाण्यात तेच सांगितलं, आणि तिला त्याची किंमत टोळीत मोजावी लागली. मुकादमाला अटक झाली, मग जामीन झाला, आणि तिची फिर्याद अजून चालू आहे. तारखा पडतात, ती बीडहून येते. इकडच्या बसमध्ये तिला फुकट तिकीट मिळत नाही, कारण आधार कार्ड महाराष्ट्राचं. मुलीला बरोबर आणते. मुलगी आता शाळेत जाते आणि कोर्टाच्या आवारातल्या कन्नड पाट्या मला वाचायला सांगते. निकाल काय लागेल ते मला माहीत नाही. वकील पोर म्हणते, बरं दिसतंय. ती लहानपणीही परीक्षेनंतर असंच म्हणायची, आणि कधी पास व्हायची, कधी नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या मंगळवारचं.

मॅजिस्ट्रेटच्या खोलीत पोलिसांना येऊ देत नाहीत. मोठं टेबल, एका बाजूला टाइप करणारा कर्मचारी, वर पंखा. मॅजिस्ट्रेट तरुण होते, धारवाडकडचे असावेत, कन्नड शुद्ध आणि संथ. वकील पोरीला बाहेर थांबावं लागलं. आत ती आणि मी, आणि मी किती वेळ आत राहणार तेही नक्की नव्हतं. माझा कबुलीचा कागद टेबलावर होता.

त्यांनी तो वाचला. मग चष्मा काढून मला कन्नडमध्ये विचारलं, हे तुम्हीच लिहिलंय ना? मी हो म्हटलं. अशी चूक एकदा झाल्यावर दुभाषी म्हणून मी तुम्हाला कसं ठेवू?  मी म्हटलं, ठेवू नका. त्यांनी कर्मचाऱ्याला विचारलं, दुसरं कोण आहे? तो म्हणाला, निपाणीत मराठी कोणाला येत नाही, साहेब? मलाही येतं. त्याचं बरोबर होतं. सगळ्यांनाच येतं. मलाही येत होतं.

मॅजिस्ट्रेटनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, निर्णय त्या बाईचा. तिला विचारा, या दुभाषी तिला चालतील का, की आमच्या कर्मचाऱ्याला सांगू? चूक काय झाली तेही तिला नीट सांगा.

मी तिच्याकडे वळले. तिला सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. तू नको म्हणालीस तरी मला राग येणार नाही, हेही सांगितलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर. तिनं त्या कर्मचाऱ्याकडे बघितलं. तो बोटं कीबोर्डवर ठेवून वाट बघत होता, त्याला जेवायची घाई असावी. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती त्यालाच निवडणार. मी तिच्या जागी असते तर त्यालाच निवडलं असतं.

“ह्याच असू द्या,” ती मॅजिस्ट्रेटना म्हणाली. “ह्या आता इचारत्यात.”

मॅजिस्ट्रेटनी माझ्याकडे बघितलं. त्यांना मराठी समजलं नव्हतं. ती काय म्हणाली, त्यांनी विचारलं. मग तिचं ते वाक्य, एकही शब्द जास्त न घालता, मलाच कन्नडमध्ये सांगावं लागलं.